बदलत्या वेगाचा हिशेब



रस्त्याने धावणाऱ्या एखाद्या बसमध्ये चालकाच्या मागच्या बाकावर बसलेला एक प्रवासी डोळ्यांपुढे आणावा. चालकासमोरच्या फळीवर दोन उपकरणे आहेत. एकात काटा आहे; तो गाडीचा त्या त्या क्षणीचा वेग दाखवितो. दुसऱ्यात आकड्यांची लहान लहान चाके आहेत. गाडी एकंदर किती किलोमीटर चालली ते ती सांगतात. आपला प्रवासी थोडा चौकस वृत्तीचा आहे, आणि आज त्याच्या असे ध्यानात येते की, आकड्यांची चाके एका जागी अडकून बसली आहेत. काटा मात्र व्यवस्थित हलतो आहे. प्रवाशाच्या मनगटावर घड्याळ आहे, खिशात वही आणि पेन्सिल आहे. केवळ काट्याकडे आणि घड्याळाकडे पाहून गाडीने किती अंतर कापले हे त्याला सांगता येईल काय?

प्रश्न साधा दिसतो. पण माणसाला त्याचे समाधानकारक उत्तर सापडावयास दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला. आजही जहाजाचा मार्ग आखताना, मोटारीचा ब्रेक दाबताना किंवा चंद्रावर यान उतरविताना याच प्रश्नाची गाठ पडते आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत द्यावी लागते.

वेग एकसारखा असता तर अडचणच नव्हती. ताशी ४० किलोमीटर वेगाने तीन तास जाणारी गाडी १२० किलोमीटर जाते, हे प्राथमिक शाळेतील मुलालाही ठाऊक असते. वेगाला वेळेने गुणले की अंतर मिळते. परंतु कोणती गाडी अशी चालते? वाटेत चढ लागतो, वळण येते, गुरांचा कळप आडवा जातो, थांब्यावर माणसे चढतात-उतरतात. काटा सारखा खालीवर होत असतो. मग गुणाकार करावयाचा तो कोणत्या वेगाशी?

यावर पुष्कळ जण चटकन म्हणतील, सरासरी वेगाशी. हे उत्तर खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. सरासरी वेग म्हणजे एकंदर अंतराला एकंदर वेळेने भागून येणारी संख्या. तो काढण्यासाठी अंतर आधी माहीत असावे लागते, आणि येथे तर अंतरच शोधावयाचे आहे. म्हणजे ज्या खोलीत शिरावयाचे तिची किल्ली त्याच खोलीत राहिली, असा हा प्रकार झाला.

तेव्हा प्रवाशाने प्रत्यक्षात काय करावे ते पाहू. गाडी सुटल्यापासून दर पाच मिनिटांनी तो काट्यावरील आकडा वहीत टिपून ठेवतो. अर्ध्या तासाने गाडी पुढच्या गावी थांबते, तेव्हा त्याच्या वहीत सात नोंदी झालेल्या असतात. सुरुवातीस वेग शून्य. पाच मिनिटांनी ताशी २४ किलोमीटर, दहा मिनिटांनी ३६, पंधरा मिनिटांनी ४८, वीस मिनिटांनी ६०, पंचवीस मिनिटांनी पुन्हा ३६ आणि तिसाव्या मिनिटाला शून्य. पहिली वीस मिनिटे वेग वाढतच गेला आणि शेवटची दहा मिनिटे तो उतरतच गेला, हेही त्याने लक्षपूर्वक पाहिले आहे.

या नोंदींवरून अंतर काढताना दोन चुका हमखास होतात. पहिली चूक अशी : सर्वांत कमी वेग शून्य, सर्वांत अधिक ६०, म्हणून मधला वेग ३०, अर्ध्या तासात गाडी १५ किलोमीटर गेली. या हिशेबात मधल्या नोंदींना काही किंमतच दिलेली नाही. गाडी बहुतेक वेळ ६० च्या वेगाने धावली असती किंवा बहुतेक वेळ रांगत गेली असती, तरी उत्तर तेच आले असते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. सातही नोंदींची बेरीज २०४ होते. तिला सातने भागले म्हणजे साधारण २९ येतात, आणि अंतर साडेचौदा किलोमीटरांच्या आसपास भरते. येथे सर्व नोंदी वापरल्या गेल्या, पण त्यांना समान मान दिला गेला. वस्तुतः मधली प्रत्येक नोंद आपल्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन्ही कालखंडांविषयी काही सांगते. पहिली आणि शेवटची नोंद मात्र एकाच खंडाविषयी बोलते. आरंभीच्या आणि शेवटच्या शून्यांना जास्तीचा मान मिळाल्यामुळे उत्तर खाली ओढले गेले.

मग योग्य मार्ग कोणता? तो असा की, सबंध प्रवासाचा विचार एकदम करावयाचा नाही. प्रवासाचे पाच-पाच मिनिटांचे सहा तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्यापुरता प्रश्न सोडवावयाचा. पहिल्या पाच मिनिटांत वेग शून्यापासून २४ पर्यंत वाढला. त्या काळात तो २४ हून अधिक कधीच नव्हता. पाच मिनिटे म्हणजे तासाचा बारावा भाग. तेव्हा पहिल्या तुकड्यात गाडी दोन किलोमीटरांपेक्षा अधिक गेलेली असणे शक्य नाही. दुसऱ्या तुकड्यात वेग २४ हून कमी नव्हता आणि ३६ हून अधिक नव्हता. म्हणजे ती निदान दोन व फार तर तीन किलोमीटर गेली. याप्रमाणे प्रत्येक तुकड्याचा लहानात लहान व मोठ्यात मोठा वेग घेऊन दोन बेरजा केल्या, तर लहान बेरीज १२ किलोमीटर येते आणि मोठी २२ किलोमीटर. खरे अंतर या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी आहे. आणि प्रत्येक तुकड्यात दोन टोकांच्या वेगांच्या मधला वेग धरला, तर १७ किलोमीटर हे उत्तर मिळते.

बारा आणि बावीस यांत दहा किलोमीटरांचा फरक आहे, आणि एवढ्या अनिश्चिततेला हिशेब म्हणणे कठीण आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु या फरकाकडे बारकाईने पाहिले तर त्यातच उपाय दडलेला आढळतो. प्रत्येक तुकड्यात मोठा व लहान वेग यांत जो फरक आहे, तो त्या तुकड्यात वेग जितका चढला किंवा उतरला तितकाच आहे. सर्व तुकड्यांतील चढ मिळून ६० आणि उतार मिळून ६०, असे एकूण १२० होतात. त्याला तुकड्याच्या कालावधीने, म्हणजे तासाच्या बाराव्या भागाने गुणले की बरोबर दहा किलोमीटर येतात. आता तुकडे लहान केले तरी एकंदर चढउतार १२० च राहतो. कमी होतो तो कालावधी. प्रवाशाने दर अडीच मिनिटांनी नोंद केली असती तर दोन बेरजांमधील फरक पाच किलोमीटर राहिला असता. दर मिनिटास नोंद केली असती तर दोन किलोमीटर. दर सेकंदास नोंद करणारे एखादे यंत्र त्याच्यापाशी असते, तर फरक सुमारे ३३ मीटरांवर, म्हणजे दोनतीन बसगाड्यांच्या लांबीवर आला असता.

सबंध विषयाचा गाभा एवढाच आहे. कोणत्याही एका बेरजेत नेमके उत्तर नसते. पण एक बेरीज खालून वर चढत जाते, दुसरी वरून खाली उतरत येते, आणि तुकडे जसजसे बारीक करावेत तसतशा त्या दोघी ज्या एकाच संख्येकडे झुकतात ती संख्या म्हणजे खरे अंतर होय. गणितज्ञ तिला सीमा म्हणतात, आणि अशा रीतीने बेरजेतून सीमेपर्यंत जाण्याच्या क्रियेला समाकलन म्हणतात. नाव जड आहे. क्रिया मात्र वही, पेन्सिल आणि घड्याळ यांच्या आवाक्यातली आहे.

ही बेरीज डोळ्यांना दिसावी म्हणून एक आकृती काढावी. कागदावर आडव्या रेषेवर वेळ मांडावी आणि उभ्या रेषेवर वेग. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा आलेख म्हणजे एक सरळ आडवी रेषा; तिच्या खाली एक आयत तयार होतो. आयताची उंची वेगाइतकी आणि रुंदी वेळेइतकी; त्यांचा गुणाकार म्हणजे आयताचे क्षेत्रफळ, आणि तोच गुणाकार म्हणजे कापलेले अंतर. वेग बदलत असेल तेव्हा रेषा वरखाली होते, पण तिच्या खालचे क्षेत्र हे अंतरच दाखविते. कारण ते क्षेत्र अनेक अरुंद आयतांचे बनलेले आहे असे मानता येते. प्रवासाचा प्रश्न अशा रीतीने शेताचे क्षेत्र मोजण्याच्या प्रश्नात रूपांतरित होतो. शेतजमिनीची मोजणी माणूस फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. गतीचा हिशेब जमिनीच्या हिशेबासारखा करता येईल, हे कोणाला तरी प्रथम सुचावयास हवे होते, आणि त्याला केवळ हिशेबीपणा नव्हे, तर कल्पनाशक्तीही लागते.

ही कल्पना चौदाव्या शतकात युरोपात जन्मली, असे दीर्घकाळ मानले जात असे. परंतु २०१६ साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील संशोधक मॅथ्यू ओसेनड्रायव्हर यांनी ब्रिटिश म्यूझियममधील काही बाबिलोनी मृत्तिकाफलकांचे वाचन प्रसिद्ध केले, आणि हा समज बदलावा लागला. हे फलक इसवी सनापूर्वी ३५० ते ५० या काळातील आहेत. त्यांवर कीलाकार लिपीत गुरू ग्रहाचे गणित मांडलेले आहे. गुरू आकाशात प्रथम दिसू लागतो तेव्हा तो दिवसाला १२ कला सरकतो, आणि ६० दिवसांनी त्याची दैनंदिन गती ९ कला ३० विकलांवर येते, असे तेथे धरले आहे. या ६० दिवसांत तो किती सरकला? बाबिलोनी गणकाने १२ आणि साडेनऊ यांची बेरीज केली, तिचे निम्मे घेतले, ते पावणेअकरा झाले, आणि त्यांना साठांनी गुणले. उत्तर ६४५ कला, म्हणजे १० अंश ४५ कला. पुढील ६० दिवसांत गती साडेनऊ कलांवरून दीड कलेवर उतरते. त्या काळातील अंतर त्याच रीतीने ५ अंश ३० कला येते. दोन्ही मिळून १६ अंश १५ कला.

या गणितात विशेष काय, असे वाटेल. विशेष हे की, फलकांवर या आकृतीला समलंब चौकोन म्हटले आहे. त्या चौकोनाच्या दोन समांतर बाजू म्हणजे आरंभीची व शेवटची गती, आणि त्यांमधील अंतर म्हणजे काळ. आकाशातील कोणत्याही जागेत असा चौकोन नसतो. तो केवळ विचारात आहे. एवढ्यावरच ते गणक थांबले नाहीत. पहिल्या टप्प्यातील १० अंश ४५ कलांपैकी निम्मे अंतर किती दिवसांत संपते, हाही प्रश्न त्यांनी विचारला. घाईने उत्तर देणारा तीस दिवस म्हणेल. पण आरंभी गती अधिक असल्यामुळे निम्मे अंतर लवकर संपले पाहिजे. बाबिलोनी उत्तर २८ दिवस असे आहे. समलंब चौकोनाचे सारख्या क्षेत्रफळाचे दोन भाग करून ते काढलेले आहे.

चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांनी हाच नियम स्वतंत्रपणे, आणि कोणत्याही ग्रहाशी न बांधता, सर्वसामान्य स्वरूपात मांडला. विल्यम हेट्सबरी याच्या १३३५ सालच्या ग्रंथात तो आढळतो. ज्याचा वेग समान प्रमाणात वाढत जातो असा पदार्थ ठरावीक काळात जेवढे अंतर कापतो, तेवढेच अंतर, आरंभीच्या व अखेरच्या वेगांच्या बरोबर मध्यावरील वेग कायम ठेवून जाणारा पदार्थ त्याच काळात कापतो. पॅरिसमधील निकोल ओरेम याने त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या नियमाची आकृती दिली. शून्यापासून वाढत जाणारा वेग म्हणजे एक काटकोन त्रिकोण. त्याच्या निम्म्या उंचीवर एक आडवी रेषा काढली, तर वरचा कोपरा कापून खालच्या रिकाम्या जागेत तंतोतंत बसविता येतो आणि त्रिकोणाचा आयत होतो. शिंप्याने कापड बेतावे तसे हे काम आहे. मात्र नियमातील अट विसरून चालत नाही : वेग समान प्रमाणात बदलला पाहिजे. आपल्या प्रवाशाच्या बसने ही अट पाळली नव्हती. म्हणूनच शून्य आणि साठ यांचा मध्य घेऊन काढलेले उत्तर त्याला दगा देते. पाच मिनिटांच्या लहान तुकड्यात मात्र ही अट पुष्कळशी पाळली जाते, आणि तुकडा जितका लहान तितकी ती अधिक पाळली जाते.

ऑक्सफर्डच्या पंडितांचा हा नियम विचाराचा होता. तो खाली पडणाऱ्या दगडाला लागू पडतो, हे ठामपणे मांडले आणि प्रयोगाने पडताळले ते गॅलिलिओने. खाली पडणारा पदार्थ फार त्वरेने पडतो. त्या काळची घड्याळे त्याला पुरी पडत नव्हती. म्हणून गॅलिलिओने लाकडाच्या सुमारे बारा हात लांबीच्या तुळईत गुळगुळीत खाचण पाडली, तिला आतून चर्मपत्र लावले, तुळई किंचित तिरपी केली आणि तिच्यावरून काशाची गोळी सोडली. वेळ मोजण्यासाठी पाण्याचे एक मोठे भांडे टांगले; त्याच्या तळाच्या बारीक नळीतून जेवढे पाणी पडे ते तराजूत तोलले जाई. हे वर्णन १६३८ साली लेडन येथे छापलेल्या त्याच्या ग्रंथात आहे. गोळीने सारख्या कालखंडांत कापलेली अंतरे एकास तीन, पाच, सात अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात असे त्याने दाखविले. ओरेमच्या त्रिकोणाचे सारख्या रुंदीचे उभे पट्टे पाडून पाहावे. पहिल्या पट्ट्यात एक लहान त्रिकोण बसतो, दुसऱ्यात तसेच तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. दोन पट्ट्यांतील मिळून चार, तिहींतील मिळून नऊ, चोहोंतील मिळून सोळा. वेळ दुप्पट तर अंतर चौपट. वेळ तिप्पट तर अंतर नऊपट.

याच प्रश्नाची दुसरी बाजू भारतीय ज्योतिषात फार सूक्ष्मतेने हाताळली गेली. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत तात्कालिक गतीचा विचार केला आहे. ग्रहाच्या आजच्या व उद्याच्या स्थानांतील फरक ही त्याची दिवसाची स्थूल गती. परंतु चंद्रासारख्या, जिची गती दिवसभरातही पुष्कळ बदलते अशा ज्योतीचा तिथ्यन्त काढावयाचा तर त्या क्षणाची सूक्ष्म गती घेतली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. येथे वाट उलट्या दिशेची आहे : स्थान ठाऊक, गती शोधावयाची. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजही आहे.

वेगावरून अंतर काढण्याची वाट आणि अंतरावरून वेग काढण्याची वाट एकच असून फक्त जाण्याची दिशा उलट आहे, ही गोष्ट सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे उघड केली. त्यांच्यामुळे अगणित आयतांची बेरीज करण्याचे कष्ट अनेक ठिकाणी वाचले. ज्या सूत्राचा वेग दिलेल्या वेगाशी जुळतो ते अंतराचे सूत्र ओळखले की काम संपते. समाकलनाचे लांबट चिन्ह लायब्निट्सने १६७५ च्या हस्तलिखितात प्रथम वापरले, आणि ते बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षराचेच ताणलेले रूप आहे. म्हणजे चिन्हालाही आपल्या मुळाची आठवण आहे.

आता ग्रंथांतून पुन्हा रस्त्यावर येऊ. मोटार चालविणाऱ्या पुष्कळांची अशी समजूत असते की, वेग दुप्पट केला तर गाडी थांबावयास दुप्पट अंतर लागेल. ब्रेक लावल्यावर वेग समान प्रमाणात कमी होतो असे धरावे; कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला तो सेकंदास ५ मीटर इतका उतरतो असे मानू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सुमारे १.७ सेकंदांत थांबते आणि तेवढ्यात सुमारे ७ मीटर पुढे जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला सुमारे ३.३ सेकंद आणि २८ मीटर लागतात. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या गाडीला ५ सेकंद आणि ६२ मीटरांहून थोडे अधिक. वेग दुप्पट झाला तेव्हा आलेखातील त्रिकोणाची उंची दुप्पट झाली आणि पायाही दुप्पट झाला. क्षेत्रफळ चौपट झाले. याखेरीज धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर तरी जातो, आणि ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी त्या एका सेकंदात २५ मीटर जाते. रस्ता ओलांडणारे मूल ३० मीटरांवर असेल तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी त्याच्या पुष्कळ अलीकडे थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी त्या जागी पोचते तेव्हाही चालत्या अवस्थेतच असते. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या गाडीने तेव्हा जेमतेम ब्रेक लागू केलेला असतो. काट्यावरचे आकडे तिप्पट झाले. थांबण्याचे अंतर सहापटींच्या जवळ गेले. आपला डोळा वेग पाहतो. क्षेत्रफळ पाहत नाही. अपघाताच्या मुळाशी पुष्कळदा हीच गोष्ट असते.

वेगाच्या नोंदींवरून अंतर काढण्यावर ज्यांचे प्राण अवलंबून होते असा दुसरा वर्ग म्हणजे जुन्या काळचे खलाशी. किनारा दृष्टीआड झाला की जहाज कोठे आहे हे ठरविण्याचा त्यांचा एक मुख्य आधार असा : दोरीच्या टोकाला एक लाकडी फळी बांधून ती पाण्यात टाकावयाची, फळी पाण्यात जवळजवळ स्थिर राही आणि जहाज पुढे गेल्याने दोरी सुटत जाई. दोरीला ४७ फूट ३ इंचांच्या अंतराने गाठी मारलेल्या असत. वाळूचे २८ सेकंदांचे घटीयंत्र रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून जातील तितके सागरी मैल हा जहाजाचा ताशी वेग. म्हणूनच जहाजाचा वेग आजही गाठींच्या भाषेत, नॉटमध्ये, सांगतात. ही नोंद ठरावीक वेळाने घेतली जाई आणि दोन नोंदींच्या मधला प्रवास अंदाजाने भरून काढला जाई. आपल्या बसमधील प्रवाशाचे आणि या खलाशाचे काम एकच आहे.

फरक चुकीच्या परिणामात आहे. फळीने मोजला जातो तो पाण्याच्या सापेक्ष वेग. पाणीच एखाद्या प्रवाहाने ताशी एक सागरी मैल सरकत असेल तर फळीला ते कळत नाही. ताशी एक मैल ही चूक क्षुल्लक वाटते. पण चोवीस तासांत ती चोवीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटर होते, आणि रात्रीच्या अंधारात खडकाळ किनारा जितका दूर मानला असेल तितका तो दूर नसतो. येथे चुकांचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. नोंद कधी किंचित अधिक, कधी किंचित कमी होत असेल तर बेरजेत त्या चुका एकमेकींना पुष्कळशा खाऊन टाकतात. पण काटा नेहमी एकाच बाजूला चुकत असेल, तर बेरीज त्या चुकीचा कण न् कण साठवून ठेवते. जी क्रिया अंतर गोळा करते तीच चूकही गोळा करते. तिला दोहोंतील भेद कळत नाही.

आजच्या विमानांत, पाणबुड्यांत आणि अवकाशयानांत वेगही पुष्कळदा थेट मोजला जात नाही. वेग किती झपाट्याने बदलतो, म्हणजे त्वरण किती, हे उपकरण मोजते. त्याची बेरीज करून वेग आणि वेगाची बेरीज करून अंतर, अशी दुहेरी बेरीज यंत्रे अखंड करीत असतात. येथे चूकही दोनदा साठते. त्वरण मोजताना सेकंदाला सेकंदास एक मिलिमीटर एवढी चूक सतत एकाच बाजूची होत असेल, तर शंभर सेकंदांत अंतरात पाच मीटरांची चूक होते; हजार सेकंदांत मात्र ती पन्नास नव्हे, पाचशे मीटर होते. ओरेमचा त्रिकोण येथेही हजर असतो, फक्त आता तो चुकीचा त्रिकोण असतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान २ चे विक्रम हे अवतरक यान चंद्रावर उतरत असताना भारताने याचा अनुभव घेतला. उतरण्याच्या पहिल्या टप्प्यात ३० किलोमीटर उंचीपासून ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत यान ठरल्याप्रमाणे आले. त्याचा वेग सेकंदाला १६८३ मीटरांवरून १४६ मीटरांवर आला होता. दुसऱ्या टप्प्यात वेगातील घट आराखड्यापेक्षा अधिक झाली, त्यामुळे पुढच्या टप्प्याच्या आरंभीची स्थिती ठरविलेल्या मर्यादांच्या बाहेर गेली आणि यान नियोजित जागेपासून ५०० मीटरांच्या आत आदळले, असे नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत लेखी उत्तरात सांगण्यात आले. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा अधिक भरला आणि त्यातून उद्भवलेल्या चुका साठत गेल्या, असे स्पष्टीकरण इस्रोच्या अध्यक्षांनी पुढे २०२३ साली दिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यानाचा वेग कमी होणे हेच इष्ट होते. तो अधिकच कमी झाला, आणि तरीही ते घातक ठरले. कारण वेग बदलला की आलेखाखालचे क्षेत्र बदलते, आणि यान त्या क्षणी जेथे असावयास हवे तेथे नसते.

यावर उपाय काय? बेरीज टाकून देता येत नाही. ती वेळोवेळी पडताळून पाहता येते. खलाशी आकाश स्वच्छ झाले की सूर्याची व ताऱ्यांची उंची मोजून आपला अंदाज दुरुस्त करीत. चांद्रयान ३ च्या अवतरक यानावर इतर सुधारणांबरोबर चांद्रपृष्ठाच्या सापेक्ष वेग लेसर किरणांच्या साहाय्याने थेट मोजणारे एक उपकरण बसविण्यात आले. म्हणजे वेग केवळ बेरजेतून न काढता तो बाहेरूनही ताडून पाहण्याची सोय झाली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरले.

बसमधील प्रवाशालाही हीच सोय आहे. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. वहीतील बेरीज १७ किलोमीटर म्हणत असेल आणि दगड १८ म्हणत असतील, तर त्याने निराश होऊ नये. दोन नोंदींच्या मध्ये कोठे काय घडले असेल, काटा एकाच बाजूला झुकतो की काय, नोंदी अधिक जवळजवळ घ्यावयास हव्या होत्या काय, असे प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत आणि पुढच्या प्रवासात नोंदी दुप्पट कराव्यात. श्रोत्यांपैकी कोणाला पुढच्या प्रवासात खिडकीजवळची जागा मिळाली आणि हाताशी घड्याळ असले, तर हा प्रयोग त्यांनी अवश्य करून पाहावा. त्याला खर्च वहीच्या एका पानाचा आहे.